मागे फिरायचं नाही

आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी मी एक लोखंडी पाइप उभा केला होता आणि त्याच्या टोकाला लाल कापडाची लांब पट्टी बांधली होती. घराबाहेर पडताना मान वर केली की वारा कुठून कुठे चाललाय ते कळावं, एवढाच हेतू. गल्लीतल्यांना वाटायचं मी कसला तरी नवस बोललोय. एकाने तर कोणत्या देवाचा म्हणून विचारलंही होतं. शेजारच्या मळ्यातल्या मावशी फुलांची पिशवी घेऊन काठी टेकत जाताना थांबायच्या, डोळ्यांवर हात धरून वर बघायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ, त्या चिंधीला कावळा बी भेत नाय."

आमचं घर नाशिक संपून मळे सुरू होतात तिथे आहे. आठ रो-हाउसची एक गल्ली. दक्षिणेला मावशींचा झेंडूचा मळा आणि मळ्यापलीकडे पाण्याचा पाट. पश्चिमेला, शंभर-सव्वाशे पावलांवर, मळ्याच्या कोपऱ्यात मावशींचं घर. त्याच्याही मागे, कुंपणापलीकडे, द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज. गल्लीतून निघणारा डांबरी रस्ता पूर्वेला हायवेकडे जातो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते एवढ्याच जागेत झालं.

मी तसा भित्रा माणूस नव्हतो. निदान मला तसं वाटत नव्हतं. माझं लहानपण मनमाडचं. वडील रेल्वेत होते. नळाला पाणी कधी पंधरवड्याने यायचं, कधी त्याहूनही उशिरा. पाणी आलं की आई हंडे, कळश्या, पातेली तर भरायचीच, पण शेवटी तांबे आणि वाट्यासुद्धा भरून ओळीने मांडून ठेवायची. त्यामुळे साठवणं हे मला कधी वेड वाटलं नाही. ते घर चालवणं होतं.

वेड लागलं ते नंतर, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. माझा मोठा भाऊ घरीच आजारी होता, कारण खाट कुठेच मिळत नव्हती. मी दोन दिवस फोन केले, मोटरसायकलवरून फिरलो आणि शेवटी एका ओळखीतून ऑक्सिजनचा सिलिंडर मिळवला. तो मी आणि एका शेजाऱ्याने मिळून जिन्यावरून वर चढवला. दादाच्या उशाशी उभा केल्यावर लक्षात आलं, त्याला रेग्युलेटर नाही. तळहाताएवढी पितळी वस्तू. ती शोधण्यात आणखी एक दिवस गेला आणि दादाही गेला. डॉक्टर नंतर म्हणाले, त्याने फार फरक पडला नसता. असेल. पण भरलेला सिलिंडर आणि शेजारी धापा टाकणारा माणूस, हे चित्र मला पुसता आलं नाही.

त्यानंतर मी वस्तू जमवायला लागलो. आधी माळा भरला, मग जिन्याखालची जागा, मग बायकोच्या कुंड्या हलवून मागची बाल्कनी. पाण्याचे निळे ड्रम, प्रत्येकावर पाणी भरल्याच्या तारखेची चिठ्ठी. हँडल फिरवून चालणारा रेडिओ. ताडपत्री, नायलॉनचा दोर, शिट्ट्या, पोहण्याचे चष्मे, ओआरएसची पाकिटं, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. सुरगाण्याला जीपने जाऊन मी नागली, म्हणजे नाचणी, आणली होती, कारण ती नीट ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते असं ऐकलं होतं. ज्या घरून घेतली तिथल्या म्हातारीने मला सांगितलं की नागली टिकते, पण खाणारं माणूसही टिकायला लागतं. मी हसलो आणि दोन डबे भरून, त्यात कडुलिंबाचा पाला घालून, झाकणं मेणाने बंद केली.

दाराजवळच्या खुंटीला तीन सॅक असायच्या. माझी, बायकोची, मुलीची. प्रत्येकीत एक दिवसाचं खाणं, एक दिवसाचं पाणी, औषधं, टॉर्च, कागदपत्रांच्या प्रती, एक जुना टॉवेल आणि चष्मा. खाणं दर महिन्याला बदलायचं. मुलगी कॉलेजात होती. सॅकमधल्या शेंगदाण्याच्या चिक्क्या ती गुपचूप खायची आणि मी रिकाम्या पाकिटावरून तिच्याशी भांडायचो.

कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवला होता. शिट्टी झाली की तीन मिनिटांत दारात. वस्तू शोधायच्या नाहीत. बाहेर पडल्यावर मागे फिरायचं नाही. तिसऱ्या ओळीखाली मी दोनदा रेघ ओढली होती. त्याच्याखाली तिघांच्या सह्या घेतल्या होत्या. बायको बँकेत नोकरीला, सही करताना म्हणाली, "अटी वाचून दाखवा आधी." मग वाचून दाखवल्यावर तिने सही केली आणि पेन माझ्या हातात देत म्हणाली, "अहो, संकटाची तयारी करताय की त्याला आवतण देताय?"

महिन्याच्या पहिल्या रविवारी सराव व्हायचा. मी शिट्टी फुंकायचो आणि घड्याळ लावायचो. एकदा तिची बहीण जेवायला आली होती तेव्हाही मी शिट्टी फुंकली. ताटावरून उठून दोघी बाहेर आल्या. मेहुणीला गंमत वाटली. बायकोला वाटली नाही. त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही आणि पुढच्या सरावाला ती उभी राहिली ती नुसती भिंतीला टेकून, हाताची घडी घालून.

कोल्ड स्टोरेजचा विचार माझ्या डोक्यात उशिराच आला. तोवर मी पूर, भूकंप, दंगल, टाळेबंदी एवढंच धरून चाललो होतो. मग कुठेतरी वाचलं की मोठ्या शीतगृहांत अमोनिया वापरतात. मी गेटवर जाऊन चौकशी केली. तिथल्या सुपरवायझरने मला खुर्ची दिली, चहा पाजला आणि म्हणाला, "साहेब, इतकी वर्षं चालू आहे. काही होत नाही." मी घरी आलो, सापडेल ते वाचलं आणि तो पाइप उभा केला. बायकोला आणि मुलीला समोर बसवून सांगितलं, की डोळे झोंबायला लागले, नाकात सुई गेल्यासारखा वास आला, तर रस्ता बघायचा नाही, वारा बघायचा. वाऱ्याबरोबर पळायचं नाही, कारण तो वायू आपल्याबरोबरच येणार. वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघायचं. टॉवेल ओला करून तोंडाला बांधायचा, अमोनिया पाण्यात विरतो. मुलगी मोबाइल बघत होती. "कळलं," ती म्हणाली. "ओला टॉवेल, आडवा वारा."

मार्चमधला दुसरा शनिवार होता, मला आणि बायकोलाही सुट्टी. द्राक्षांचा हंगाम भरात होता आणि कोल्ड स्टोरेजबाहेर गाड्यांची रांग लागलेली असायची. सकाळी मी मावशींच्या मुलाला आणि सुनेला फुलांचे क्रेट टेम्पोत चढवायला हात दिला होता. लग्नाच्या सजावटीची मोठी ऑर्डर होती, संध्याकाळपर्यंत दोघं येणार नव्हते. मावशी ओसरीवर बसून हार ओवत होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना काठीशिवाय चालता येत नसे आणि एका कानाने अजिबात ऐकू येत नसे. "म्हातारीकडं लक्ष असू द्या," मुलगा टेम्पोत बसताना म्हणाला होता. मी हात वर केला होता.

चारच्या सुमारास मी बाल्कनीत ड्रमवरच्या चिठ्ठ्या बदलत होतो. आधी एक आवाज आला, प्रेशर कुकरची शिट्टी लांबवावी तसा, पण तो थांबेना. मग कोल्ड स्टोरेजच्या पत्र्यांवरून पांढरं धुकं उतरताना दिसलं. ते वर जात नव्हतं. जमिनीलगत, कुंपणाच्या जाळीतून, सावकाश आमच्याकडे सरकत होतं. कामगार ओरडत बाहेर पळत होते. दुसऱ्याच मिनिटाला माझ्या डोळ्यांत मिरचीचा हात लागल्यासारखं झालं.

मी वर बघितलं. पट्टी ताठ होती, तोंड पूर्वेकडे. म्हणजे वारा स्टोरेजकडून आमच्या घरावरून सरळ हायवेच्या रस्त्याला चालला होता.

मी शिट्टी फुंकली.

मला आजही सांगताना नवल वाटतं, की सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मुलगी वरून धावत आली. बायको गॅस बंद करून आली. बादलीत टॉवेल बुडवले, बांधले, चष्मे चढवले, सॅक पाठीवर. तीन मिनिटंही लागली नाहीत. गल्लीत लोक बाहेर आले होते आणि एकजात डांबरी रस्त्याकडे निघाले होते. कोणी स्कूटर काढत होतं, कोणी गाडीची किल्ली शोधायला परत आत जात होतं. मी शिट्टी फुंकत फुंकत ओरडलो, "रस्त्याने नको! पाटाकडे चला! मळ्यातून पाटाकडे!" आधी कोणी ऐकेना. मग कोपऱ्यावरच्या घरातले निवृत्त शिक्षक माझ्या गच्चीकडे बघून थबकले, त्यांना त्या चिंधीचा अर्थ त्या क्षणी कळला असावा. त्यांनी आपल्या बायकोचा हात धरला आणि मळ्यात शिरले. त्यांच्या मागे बाकीचे वळले. झेंडूचे वाफे तुडवत पंधरा-वीस माणसं दक्षिणेला धावत सुटली.

मी, बायको आणि मुलगी सर्वांत मागे होतो. कुंपणाची फट ओलांडून दहा-बारा पावलं गेलो असू. बायको थांबली.

"मावशी?" तिने टॉवेलमधूनच विचारलं.

मी पश्चिमेला बघितलं. मावशींचं घर अजून दिसत होतं. ओसरी दिसत नव्हती.

"मुलगा असेल घरी," मी म्हणालो.

हे वाक्य मी असंच्या असं म्हणालो. विचार करायला वेळ लागला नाही, जीभ अडखळली नाही. सकाळी टेम्पोचा मागचा फाळका मीच लावला होता.

"नसला तर?"

"ठरलंय आपलं. मागे फिरायचं नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. चष्म्याच्या आत तिचे डोळे नीट दिसत नव्हते. मग ती वळली. मी तिला धरायला हात पुढे केला तेव्हा माझ्या मुठीत तिच्या डोक्यामागची टॉवेलची गाठ आली. ती सुटली. ओला टॉवेल माझ्या हातात राहिला आणि बायको ओढणी तोंडाशी दाबत मावशींच्या घराकडे पळत गेली. तो घ्यायला ती थांबली नाही. मी हाकही मारली नाही.

मुलगी मावशींच्या घरचा फोन लावत होती. वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. "बाबा, जा ना!" ती म्हणाली. "आईच्या मागे जा!"

"आधी तुला पाटावर सोडतो."

"मी जाते एकटी. ते बघा, सगळे तिथेच आहेत. तुम्ही जा!"

मी तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत पाटाकडे नेलं. ती रडत होती, हात सोडवत होती. मी मनात वाफे मोजत होतो. मी स्वतःला सांगत होतो की लेकरू आधी, हा कोणीही मान्य करील असा नियम आहे. पण लेकराला माझी गरज नव्हती. वीस वर्षांची पोरगी माझ्याहून जोरात धावू शकत होती. खरं एवढंच, की पाटाच्या दिशेला हवा स्वच्छ होती आणि पश्चिमेला नव्हती.

पाटाला पाणी सोडलेलं होतं. लोक काठावर बसून डोळे धूत होते, खोकत होते. मुलीने हात झटकून सोडवला आणि सगळ्यांसमोर किंचाळली, "बाबा, आई तिकडे आहे!" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शिक्षक म्हणाले, "कोण? कोण राहिलं?"

तेव्हा मी फिरलो.

परत जाताना पहिल्या अर्ध्या अंतरात काही वाटलं नाही. मग घशात काहीतरी बसलं आणि श्वास आत जाईना. ओला टॉवेल असूनही. हिच्याकडे टॉवेल नाही, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं. मी तिच्या नावाने ओरडायचा प्रयत्न केला, आवाज फुटला नाही. मग धुक्यातून चाक करकरल्याचा आवाज आला.

मावशींच्या घरी क्रेट न्यायची दोन चाकी हातगाडी होती. बायकोने मावशींना तिच्यात बसवलं होतं. मावशींच्या डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत ओलं गोणपाट होतं. फुलं सुकू नयेत म्हणून ओसरीवर नेहमी भिजवून ठेवलेलं असायचं, तेच. बायको वाकून, मान खाली घालून गाडी ओढत होती. दोन पावलं ओढायची, थांबायची, खोकायची, पुन्हा ओढायची. मी तिच्या हातातून दांडी घेतली. तिने ती सोडली आणि गाडीच्या कडेला धरून चालायला लागली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मी तिचा टॉवेल पुढे केला. तिने तो घेतला आणि मावशींच्या तोंडावर ठेवला.

पाटावर आम्ही दोघींचे डोळे धूत राहिलो. मावशी सारख्या म्हणत होत्या, "काय झालं? गॅस फुटला का? कोन मेलं?" कोणी मेलं नव्हतं. अग्निशमन दलाची माणसं आली, त्यांनी पाणी मारून धुकं बसवलं आणि झडप बंद केली. एक कामगार बरेच दिवस दवाखान्यात होता, पण तोही घरी आला. मावशींचे डोळे महिनाभर लाल राहिले. बायकोला अॅम्ब्युलन्समधून नेलं तेव्हा तिचे ओठ निळसर झाले होते.

तिला दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवलं. पलंगामागच्या भिंतीला रेग्युलेटर होता आणि त्याखालच्या बाटलीत पाणी बुडबुडत होतं. मी त्या बुडबुड्यांकडे बघत बसायचो. मुलगी आली की मी बाहेर जायचो, कारण ती माझ्याशी बोलत नव्हती आणि आईसमोर ते दिसायला नको होतं.

गल्लीत मात्र माझं वेगळंच झालं होतं. शिक्षकांनी सगळ्यांना सांगितलं होतं की रस्त्याने गेलो असतो तर त्या धुक्यातच सापडलो असतो. ते खरंही होतं. ज्याने नवस कोणत्या देवाचा म्हणून विचारलं होतं तो माझा हात हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणत होता. लोक सॅकमध्ये काय काय ठेवायचं त्याची यादी मागायला आले. मावशी दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "मी हसायची त्याला. त्याच्या चिंधीनंच वाचवलं सगळ्यांला. अन् त्याच्या बायकोनं मला." पाडव्याला गल्लीत माझा सत्कार करायचं ठरलं. शाल-श्रीफळ, आणि ते मावशींच्या हस्ते.

बायको घरी आली. जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबली, तेव्हा मी हात पुढे केला. "चढते मी," ती म्हणाली. चार-पाच दिवस ती फक्त कामापुरतं बोलत होती. मग एका दुपारी, मी तिला वाफ घ्यायला पाणी आणून दिलं, तेव्हा तिने भांडं बाजूला सरकवलं.

"मावशींची सून आली होती बघायला. म्हणाली, सकाळी क्रेट तुम्ही चढवलेत."

"हो."

"म्हणजे मुलगा घरी नाही हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

ती खोकली. बराच वेळ खोकली. मी पाठीवर हात ठेवला नाही, ठेवायची हिंमत झाली नाही.

"तुम्ही घाबरलात याचा मला राग नाही," ती म्हणाली. "मीपण घाबरले होते. पण तुम्ही खोटं बोललात, आणि किती पटकन बोललात! कधीपासून तयार होतं ते वाक्य?"

"टॉवेल मी मुद्दाम नाही ओढला," एवढंच मी म्हणालो.

"ते मला माहितीये. तेवढं मी तुम्हाला ओळखते." मग ती म्हणाली, "मावशींना सांगणार आहात का? की शाल घेणार आहात?"

पाडव्याच्या आदल्या सकाळी मी मावशींकडे गेलो. त्या ओसरीवर गुढीसाठी झेंडूची माळ ओवत होत्या. मळ्यातले पश्चिमेचे वाफे करपून गेले होते, पानं चहाच्या चोथ्यासारखी झाली होती. मी त्यांच्या ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला बसलो आणि सगळं सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे ते आणखीच वाईट ऐकू येत होतं. बायको थांबली ते, मी काय म्हणालो ते, मुलीला पाटावर नेलं ते. मावशींनी सुईत दोरा ओवला, दोन फुलं घेतली, तिसरं घेतलं.

"तुला ठावं व्हतं, मी घरात एकटी हाय?"

"हो, मावशी."

"अन् ती आली नसती तर?"

मी खाली पडलेलं एक फूल उचलून त्यांच्या पाटीत टाकलं.

"बोल की. आला असता का तू?"

"माहीत नाही, मावशी. बहुतेक नाही."

त्यांनी माळ खाली ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता, पण माझ्याकडे त्या अशा बघत होत्या जणू मी नवीनच राहायला आलेला कोणी आहे. "मंग शाल घेऊ नको," त्या म्हणाल्या. "मी काय ती तुझ्या अंगावर घालायची नाय. लोकांला काय सांगायचं ते तुझं तू बघ."

त्याच संध्याकाळी सत्काराच्या तयारीला गल्लीतले जमले होते, तिथे जाऊन मी सांगितलं. सगळंच. खुर्च्या मांडून झाल्या होत्या. शिक्षक म्हणाले, "अहो, अशा वेळी माणसाचं असं होतंच." एक-दोघांनी मान हलवली. एका बाईने मुलाला जवळ ओढून घेतलं आणि उठून गेली. शाल पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घातली गेली. नारळाचं काय झालं मला माहीत नाही. घरी आलो तर मुलगी दारात उभी होती. तिला कोणीतरी फोनवर कळवलं होतं. "जेवण वाढू का?" तिने विचारलं. पंधरा-वीस दिवसांतलं तिचं ते माझ्याशी पहिलं वाक्य.

मावशी रोज सकाळी देवाला फुलं आणून द्यायच्या. ती पुढे बरेच दिवस त्यांची सून आणून देत होती. मी घरात असलो तर फुलं कुंपणावर ठेवून जायची.

कपाटाच्या दारावरचा कागद बायकोने काढला आणि दुसरा लिहिला. त्यासाठी तिने मला विचारलं नाही. गल्लीतल्या सगळ्या घरांची माणसं त्यात आहेत. कोणाला चालता येत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोण दुपारी एकटं असतं, आणि त्यांना आणायला कोण जाईल. पावसाळ्याआधी तिने सगळ्यांना आमच्या अंगणात बोलावलं. खोकत खोकत एकेक नाव वाचत गेली आणि समोरून कोणी ना कोणी हात वर करत गेलं. मावशीही आल्या होत्या, खुर्चीवर काठी आडवी धरून बसल्या होत्या. त्यांचं नाव आलं तेव्हा त्यांच्या मुलाने हात वर केला. बायको म्हणाली, "तुम्ही बाजारात असलात तर? दुसरं कोण?"

मी हात वर केला.

मावशींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "ह्यो?" त्या म्हणाल्या. "ह्यो खरंच येईल का?"

लोक हसले. मावशी, बायको आणि मी हसलो नाही.

"येईन, मावशी," मी म्हणालो.

"बघू," त्या म्हणाल्या.

बायकोने माझं नाव लिहून घेतलं. पुढचं नाव वाचण्याआधी ती थोडी थांबली, पण ते खोकल्यामुळेही असेल. आता महिन्यातून एकदा मी मावशींच्या ओसरीपर्यंत धावत जातो, त्यांना हातगाडीत बसवतो आणि वाफ्यांच्या मधून पाटावर नेतो. गाडी दगडावरून गेली की त्या मला शिव्या देतात. पाटावर बायको घड्याळ घेऊन उभी असते. किती मिनिटं लागली ते सांगते आणि मावशींसकट आम्ही तिघं घरी येतो.